जुन्या गाडीचे गंजलेले बोल्ट, बिजागऱ्या, ब्रॅकेट: साफ कसे करायचे आणि रंग नक्की कशाला लावायचा?

खडखडाट

मंडळी, साठच्या दशकातली चार दरवाजांची गाडी सध्या स्टँडवर उभी आहे. पत्र्याचं काम उरकलंय. आता काढून ठेवलेलं सामान समोर पसरलंय: बॉनेटच्या दोन्ही बिजागऱ्या, लॅच, बंपरचे ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे, सीटच्या रेल, आणि डबे भरून नट, बोल्ट, वायसर. गंज सगळ्यावर आहे, पण सारखा नाही. काहींवर नुसता तांबूस थर आहे, काहींचे पापुद्रे सुटतात. बॅटरी ट्रेच्या एका कोपऱ्यातून पलीकडचं दिसतं.

माझा बेत साधा आहे. सगळं वायर ब्रशने घासायचं, स्प्रे कॅनने काळा रंग मारायचा आणि बसवून टाकायचं. पण एक मित्र म्हणतो बोल्टला रंग लावलास तर ते ढिले होतील. दुसरा म्हणतो सगळं पावडर कोटिंगला दे. तिसऱ्याचं म्हणणं, जुनं फेक आणि स्टेनलेसचे बोल्ट घाल. तिघेही ठामपणे बोलतात, त्यामुळे माझा गोंधळ तिप्पट झालाय. अनुभवी लोकांनी सांगा.

पान्हेवाले काका

घासायला बसू नका. आधी निवडा.

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटबेल्ट यांचे बोल्ट एका बाजूला काढा. त्यातल्या ज्यावर गंजाने खड्डे पडलेत, आटे खाल्लेत किंवा मधला भाग बारीक झालाय, तो भंगारात. त्याला साफ करायचा नाही आणि रंगवायचा तर अजिबात नाही. त्याच मापाचा, त्याच ताकदीचा नवा घ्या. ताकद बोल्टच्या डोक्यावर लिहिलेली असते. मेट्रिकला ८.८, १०.९ असे आकडे असतात, इंची बोल्टवर रेघा असतात: तीन म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. साठच्या आसपासच्या कित्येक बोल्टवर काहीच नसतं, तेव्हा गाडीचं मॅन्युअल बघा.

मग हलणारे भाग: बिजागऱ्या, लॅच, रेल. मग नुसते धरून ठेवणारे: ब्रॅकेट, ट्रे, क्लिपा. या प्रत्येकाला वेगळी वागणूक लागते. काळ्या स्प्रेचा एक कॅन घेऊन सगळ्यांवर फिरवणं म्हणजे गंजाला पांघरूण घालणं.

आणि हो, बोल्ट डब्यात एकत्र टाकले असतील तर आजच बाहेर काढा. पुठ्ठ्यावर त्या भागाचं चित्र काढायचं, भोकं पाडायची आणि जो बोल्ट जिथला तिथे खोचायचा. लांबी तीन मिलिमीटरने जास्त असलेला बोल्ट चुकीच्या जागी गेला की पलीकडून पत्र्याला फोड येतो. नेमका रंग झाल्यावर.

निळा धूर

वाखुसा (वाचनखूण साठवली). काका बोलले म्हणजे निम्मा धागा संपला.

माझा बाळबोध प्रश्न: व्हिनेगरमध्ये रात्रभर टाकून ठेवलं तर काम होतं ना? व्हिडिओत तरी सकाळी चकचकीत बोल्ट बाहेर येतात.

क्षारक

होतं, पण व्हिडिओत पुढचा अर्धा तास दाखवत नाहीत. आम्लातून काढलेलं उघडं पोलाद दमट हवेत बघता बघता पुन्हा केशरी होतं. त्यामुळे काम कशाने करायचं याइतकंच बाहेर काढल्यावर काय करायचं हेही महत्त्वाचं.

क्रम असा ठेवा. सर्वांत आधी तेल-ग्रीस काढा. तेलाखालच्या गंजापर्यंत कुठलंही पाण्यातलं द्रावण पोहोचत नाही, आणि बहुतेक लोक इथेच आळस करतात. मग पापुद्रे ठोकून, खरवडून काढा. जे हाताने निघतं ते रसायनाला खायला देऊ नये.

व्हिनेगर म्हणजे साधारण पाच टक्के ॲसिटिक आम्ल. चालतं, पण मला सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, जास्त आवडतं. लिटरभर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. मधूनमधून काढून ब्रश मारायचा आणि गंज गेला की लगेच बाहेर काढायचं. विसरून गेलात तर आम्ल चांगल्या लोखंडाकडे वळतं. वर काळसर काजळी दिसेल, ती घासून निघते. नंतर भरपूर पाणी, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात एक बुडी, पुन्हा स्वच्छ गरम पाणी, आणि ताबडतोब हेअर ड्रायर किंवा हीट गन. भाग गरम असतानाच पुढचं काम सुरू झालं पाहिजे. प्रायमर त्याच दिवशी जमणार नसेल तर तेल लावून ठेवा आणि रंगाच्या आधी ते पुन्हा पूर्ण काढा.

हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका. गंज झटक्यात जातो हे खरं, पण त्याची वाफ गॅरेजभर फिरते आणि आठवड्याभरात तुमचे पान्हे गंजलेले दिसतात.

कडक पोलादाबद्दल एक इशारा. आम्लात हायड्रोजन तयार होतो, त्यातला थोडा धातूत शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ करतो. बोल्ट दिसायला नवा, पण आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. साध्या ब्रॅकेटला ही भीती नाही, ८.८ च्या बोल्टलाही फारशी नाही. १०.९ पासून सावध राहा, आणि १२.९ चे बोल्ट, स्प्रिंगा, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) आम्लात घालूच नका. बॉनेट लॅचची स्प्रिंग त्यातच आली. ती वेगळी काढून हाताने साफ करा.

वायसर

मी इलेक्ट्रोलिसिसवाला आहे, त्यामुळे बाजू मांडतो. प्लास्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा (चार लिटरला मोठा चमचाभर), १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगार लोखंडाचा पत्रा धन टोकाला. गंज सुटतो, चांगलं लोखंड खाल्लं जात नाही. रात्रभर राहिलं तरी चिंता नाही. बिजागरीसारख्या वेड्यावाकड्या भागाला यासारखं दुसरं नाही.

क्षारक

पद्धत चांगली आहे, तीन अटींवर. धन टोकाला स्टेनलेस लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ टाकू नका, क्लोरीन निघतो. आणि उघड्यावर करा, कारण वर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात. चिमटे जोडताना-काढताना चार्जर आधी बंद, नाहीतर ठिणगी.

आणि वेड्यावाकड्या भागाबद्दल थोडा मतभेद आहे. प्रवाह समोरासमोर चांगला चालतो. भागाची जी बाजू पत्र्याकडे आहे ती साफ होते, मागची आणि आतली तशीच राहते. भाग फिरवत राहा किंवा चारही बाजूंनी पत्रे लावा. ॲल्युमिनियम, झिंक किंवा क्रोम असलेलं काही या बादलीत जाऊ देऊ नका. आणि हायड्रोजन इथेही त्या भागावरच तयार होतो, त्यामुळे कडक बोल्टांचा नियम इथेही लागू.

पान्हेवाले काका

रसायनवाल्यांनी वायर व्हीलला (यंत्रावर फिरणाऱ्या तारांच्या ब्रशला) पार वाळीत टाकलंय, म्हणून बोलतो. सपाट ब्रॅकेटला वायर व्हील उत्तम. फक्त एक ओळखा: व्हील फिरलं की खड्ड्यातला गंज निघत नाही, तो दाबला जाऊन चमकतो. गडद, तपकिरी-काळी चकाकी दिसली की समजायचं, हे लोखंड नाही, पॉलिश केलेला गंज आहे. त्यावर रंग मारला तर पोपडे तिथूनच सुटणार. म्हणून व्हील आधी आणि द्रावण नंतर.

व्हीलच्या तारा तुटून उडतात, त्यामुळे पूर्ण चेहरा झाकणारी ढाल घाला, नुसता चष्मा नको. बेंच ग्राइंडरवर सैल हातमोजे घालू नका, मोजा ओढला की हात मागोमाग जातो. छोटा बोल्ट ग्रिप पकडीत धरा.

सुटे भाग

दोन गोष्टी कुणीच बोललं नाही.

पहिली: त्या काळात बरंच सामान रंगवलेलं नव्हतंच. बोल्ट, क्लिपा, लॅचचे भाग यांवर झिंक किंवा कॅडमियमचं प्लेटिंग असायचं, काहींवर नुसती काळी फॉस्फेट प्रक्रिया आणि तेल. वायसरच्या खाली किंवा बोल्टच्या डोक्यामागे, जिथे हवा लागली नाही, तिथे मूळ लेप अजून दिसतो. साफ करण्याआधी फोटो काढून ठेवा, नंतर पुरावा उरत नाही.

दुसरी: सोनेरी-पिवळसर झाक दिसली तर ते पिवळं केलेलं झिंक असेल किंवा कॅडमियम. नुसत्या नजरेने फरक कळत नाही, आणि कॅडमियमची धूळ विषारी असते. असे भाग कोरडे घासू नका, गॅसने तापवू नका. जुन्या रंगाचंही तेच. त्यात शिसं असण्याची दाट शक्यता असते, म्हणून पाणी लावून घासा आणि नीट बसणारा, बारीक धूळ अडवणारा मास्क वापरा.

माझं मत: बोल्टना रंग नको, झिंक प्लेटिंग करून घ्या. झिंकचा थर ५ ते १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आटे नीट बसतात. तो स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो, त्यामुळे बारीक ओरखडा गेला तरी गंज लगेच पसरत नाही. रंगाला हे जमत नाही. १०.९ आणि वरच्या बोल्टांना मात्र प्लेटिंगनंतर लगेच काही तास भट्टीत तापवून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. प्लेटिंगवाल्याला आधी विचारा. तो गोंधळला तर ते बोल्ट त्याला देऊ नका, नवे आणा.

निळा धूर

आणि स्टेनलेसचं काय? चकाचक, गंजाची कटकटच नाही.

सुटे भाग

नंबरप्लेटला लावा, खुशाल. पण नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट साधारण ४५० मेगापास्कलला (ताणाचं माप) ताणून कायमचा लांबतो, ८.८ चा ६४० च्या पुढे. सस्पेन्शनवर हा फरक परवडत नाही. शिवाय स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळला की आटे एकमेकांत रुततात आणि मग कापूनच काढावा लागतो. ॲल्युमिनियमच्या भागात बसवलात तर ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

खडखडाट

बापरे, बरंच शिकलो. सामान निवडून झालं. सस्पेन्शनचे बोल्ट नवेच घेतोय. पण मूळ शंका राहिलीच. बोल्टला रंग लावला तर तो ढिला होतो हे खरं की ऐकीव? आणि ब्रॅकेटना कुठला रंग?

पान्हेवाले काका

खरं आहे, आणि हिशेबाने खरं आहे. बोल्ट आवळला की तो ताणला जातो आणि ताणलेल्या रबरासारखा दोन भागांना एकत्र दाबून धरतो. पण हा ताण किती? ३० मिलिमीटर पकड (डोक्यापासून नटपर्यंतचं अंतर) असलेला ८.८ चा बोल्ट नीट आवळला की जेमतेम पाच-सहा शतांश मिलिमीटर लांबतो. आता बोल्टच्या डोक्याखाली प्रायमर आणि रंगाचे दोन हात धरा, सहज एक दशांश मिलिमीटर जाडी होते. तो रंग दाबाखाली आणि उष्णतेने चेपला, बाजूला सरकला, की बोल्टचा सगळा ताण गेला. पान्हा लावून बघाल तर नट फिरतो. बोल्ट ढिला झालेला नसतो, खालचा रंग पळालेला असतो.

म्हणून डोक्याखालची बाजू, वायसरच्या दोन्ही बाजू, आटे, आणि ब्रॅकेट जिथे चॅसीवर टेकतो ती जागा उघडी किंवा प्लेटिंगची. चाकाचे नट बसतात त्या उतरत्या जागेवर रंगाचा थेंब नको. ब्रेक ड्रम जिथे हबवर बसतो तिथेही नको. बोल्टचं डोकं रंगवायची हौस असेल तर बसवून, टॉर्क लावून (ठरलेल्या जोराने आवळून) झाल्यावर ब्रशने.

रंगारी

माझा प्रांत आला.

पावडर कोटिंगचा थर ६० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे वरचाच हिशेब. सीट फ्रेमला, मोठ्या ब्रॅकेटना छान, पण भोकं आणि बसायच्या जागा झाकून द्यायला सांगा. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, त्यामुळे रबर बुश, ग्रीस, प्लास्टिक सगळं आधी काढा. दगड लागून एकदा टवका उडाला की गंज पावडरखालून चोरपावलांनी सरकतो आणि वरून काहीच दिसत नाही. चॅसीखालच्या भागांना मी म्हणूनच पावडर सुचवत नाही.

ब्रॅकेटसाठी: स्वच्छ, कोरडा, थोडा खरखरीत पत्रा, त्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, वर रंगाचे दोन हात. इपॉक्सी का? डब्यातले नेहमीचे प्रायमर सच्छिद्र असतात. प्रायमर मारून भाग महिनाभर फळीवर ठेवला तर ओल आत जाते आणि खालून गंज धरतो. इपॉक्सी पाणी अडवतो. फक्त धातूला किंचित खाऊन धरणाऱ्या आम्लयुक्त एच (etch) प्रायमरवर इपॉक्सी मारू नका, दोघांचं जमत नाही. गंज-परिवर्तक वापरणार असाल तर डब्यावर वाचा की वर काय चालतं.

परिवर्तक म्हणजे बहुधा टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल. टॅनिकवाला गंजाचं निळसर काळ्या थरात रूपांतर करतो. त्याला घट्ट बसलेला गंज लागतो. स्वच्छ पत्र्यावर तो काही कामाचा नाही, आणि सुटणाऱ्या पापुद्र्यांवरही नाही. दोन पत्र्यांच्या सांध्यात, जिथे ब्रश पोहोचत नाही, तिथे वापरा. याच्या उलट झिंकयुक्त प्रायमर: तो थेट उघड्या लोखंडाला टेकला तरच काम करतो.

स्प्रे कॅनचा रंग लॅचला, हेडलॅम्पच्या कड्यांना चालेल. पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल सांडायची शक्यता आहे तिथे नाही, पहिल्या थेंबाला विरघळतो. तिथे हार्डनरवाला रंग घ्या. पण त्यात आयसोसायनेट असतं, त्याने एकदा दमा जडला की आयुष्यभराची साथ. बाहेरून ताज्या हवेचा पुरवठा असलेला मुखवटा नसेल तर फवारू नका, ते काम व्यावसायिकाकडे द्या.

दोन हातांमधली वेळ कॅनवर लिहिलेली असते, ती पाळा. कित्येक रंगांत एक तासाच्या आत किंवा थेट दोन दिवसांनी असं असतं. मधल्या वेळात मारला की सुरकुत्या पडतात. हवा दमट असेल तर धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं) किमान तीन अंशांनी वर हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यावर रंग बसतो.

अवांतर: चॅसीचा काळा आरशासारखा चकचकीत नको. बहुतेक जुन्या गाड्यांवर तो अर्धा चमकदारच होता.

वायसर

रंगाआधी पुसायला ब्रेक क्लीनर चालतो ना? मी तोच वापरतो.

क्षारक

कॅनवर क्लोरीनयुक्त लिहिलंय का ते बघा. असेल तर तो पूर्ण उडाल्याशिवाय त्या भागाजवळ वेल्डिंग, गॅसची ज्योत किंवा हीट गन आणू नका. तापला की त्यातून फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो, तो जीव घेतो. जाम बोल्ट तापवून काढणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. पुसायला प्रायमरवाल्याने सुचवलेलं थिनर आणि स्वच्छ फडकं पुरेसं आहे, दोन फडकी: एकाने ओलं, दुसऱ्याने लगेच कोरडं. सिलिकॉन असलेला कुठलाही स्प्रे त्या खोलीतही नको, रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

खडखडाट

बिजागऱ्यांवर अडलोय. एकीची पिन जाम आहे. आणि काही बोल्टचे आटे गंजाने भरलेत, टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं) फिरवू का?

पान्हेवाले काका

पिनेला भेदक तेल लावा, थांबा, गरम करा, पुन्हा तेल. पक्कड लावून ओढाताण नको, कान वाकला तर बॉनेटच्या फटी जन्मभर जुळणार नाहीत. बिजागरी आधी थोडी मिटायच्या दिशेने, मग उघडायच्या, असं करत मोकळी होते. काढण्याआधी गाडीवर ती कुठे बसत होती त्याची सुईने रेघ मारली असेल तर उत्तम. रंगवताना पिनेचं भोक आणि घासणाऱ्या बाजू झाका. तिथे रंग गेला की पहिल्याच उघडझापीत भुगा होतो. तिथे ग्रीस.

आट्यांना कापणारा डाय लावू नका, तो चांगलं लोखंडही काढतो. आटे साफ करायचा वेगळा चेझर मिळतो. नसेल तर जुन्या नटला करवतीने उभी फट पाडा आणि तो फिरवा. पण आधी आटे कुठले ते ओळखा. व्हिटवर्थचा (जुनी ब्रिटिश इंची पद्धत) कोन ५५ अंश, युनिफाइड (नंतरची सामाईक इंची पद्धत) आणि मेट्रिकचा ६०. युनिफाइडचा करार ब्रिटन, अमेरिका, कॅनडा यांनी १९४८ मध्ये केला, तरी जुनी मापं पुढे कित्येक वर्षं कुठे ना कुठे सापडत राहिली. नट दोन आटे हाताने जातो म्हणून जुळला असं समजू नका.

सुटे भाग

आणि पान्ह्यावरूनही अंदाज बांधू नका. एमजीच्या टी मालिकेतल्या एक्सपीएजी इंजिनात आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ पान्ह्याची! त्या इंजिनाचा वंश मॉरिसमार्गे फ्रेंच हॉचकिस कंपनीपर्यंत जातो. आटे मोजायची दातेरी पात्यांची पट्टी (थ्रेड गेज) घ्या, छोटीशी असते.

निळा धूर

म्हणजे फ्रेंच आत, इंग्रज बाहेर. भांडण व्हायचंच.

खडखडाट

ठरलं तर: ब्रॅकेट आणि रेल लिंबूसत्त्वात, मग इपॉक्सी आणि अर्धचमक काळा. साधे बोल्ट, क्लिपा, लॅच झिंक प्लेटिंगला, लॅचची स्प्रिंग वगळून. सीटबेल्टचे बोल्ट नवे. बॅटरी ट्रे नवा बनवतोय, जुन्यावर सोड्याचं पाणी टाकलं तर अजून फेस येत होता, म्हणजे बॅटरीचं आम्ल अजून त्यात आहे. शेवटची शंका: अर्थची वायर जिथे बॉडीला लागते तिथे रंग झालाय.

पान्हेवाले काका

तेवढी जागा खरवडून चकाकतं लोखंड काढा. दातेरी वायसर घाला, आवळा आणि नंतर वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन चोपडा. आधी रंग आणि मग वायर असं केलंत तर पुढचा धागा "दिवे मंद का लागतात" हा असेल, आणि त्याचं उत्तर मी आत्ताच दिलंय. सीटबेल्टचे बोल्ट घेताना आटे तपासा, बहुतेक गाड्यांत ते सात सोळांश इंची, इंचाला वीस आट्यांचे असतात, मेट्रिक गाडीतसुद्धा.